मागे पाहताना दृश्य थरथरते

प्रश्न: डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये वेबकॅम आणि ओपनट्रॅक (डोक्याची हालचाल टिपून गेममधले दृश्य वळवणारे सॉफ्टवेअर) वापरतो. मान वळवली की दृश्य थरथरते, आणि शेपटीमागचे विमान तर दिसतच नाही. काय करावे?

उत्तर: आधी दिवा लावा. अंधाऱ्या खोलीत वेबकॅम एक्सपोजर वाढवतो, फ्रेम कमी होतात, चेहरा पुसट होतो. थरथर बहुतेक वेळा तिथूनच येते. उजेड समोरून हवा, पाठीमागच्या खिडकीतून नको. त्यानंतरच अ‍ॅक्सेला फिल्टरचे (ओपनट्रॅकमधली थरथर गाळणारी सोय) स्मूदिंग थोडे वाढवा. जास्त वाढवलेत तर मान वळल्यावर दृश्य मागून रेंगाळत येते.

मागचे न दिसण्याचे कारण मॅपिंग, म्हणजे तुमची मान किती वळली की गेममधल्या वैमानिकाची किती वळावी याचे प्रमाण. मूळ सेटिंगमध्ये तुमची मान 40 अंश वळली तर वैमानिकाचीही 40 अंशच वळते, आणि त्यापुढे गेलात तर तुमचे डोळे पडद्यावरून हटतात. यॉच्या (मान डावी-उजवीकडे वळण्याच्या) आलेखात पहिले 3 अंश सपाट ठेवा, 15 अंशांना 25, 40 अंशांना 150 द्या. मधला भाग सौम्य असला की नेम धरताना दृश्य उडत नाही.

नुसते वळून भागत नाही. आसनाची पाठ आड येते, म्हणून डोके बाजूला झुकवा. त्यासाठी एक्स अक्ष (डोके डावी-उजवीकडे सरकणे) चालू हवा.

जी-बलाने (घट्ट वळणात जाणवणारा, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजला जाणारा जोर) डोके हलण्याचा गेममधला पर्याय चालू ठेवावा, असे आमचे मत. डोके आणि हेल्मेट मिळून 6 किलो धरले, तर 6 जीला मानेवर 36 किलोंचा भार येतो. खरा वैमानिक म्हणूनच वळण घट्ट करण्याआधी मान वळवून टेकवतो.