बी.एस्सी. बायोटेकनंतर पुण्यात बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करावं का? पगार किती, आणि कोडिंग येत नसेल तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो: नाही चालणार. पण बायोइन्फॉर्मॅटिक्समधलं, म्हणजे जनुकांचा डेटा संगणकावर तपासण्यातलं, कोडिंग म्हणजे आयटीवाल्यांसारखं अ‍ॅप बनवणं नव्हे. लिनक्सच्या टर्मिनलवर फायली शोधता, कापता, जोडता आल्या पाहिजेत. पायथन आणि आर यांतली एक भाषा नीट यावी, दुसरी वाचता येण्याइतपत. रोज तासभर बसलात तर सहा महिन्यांत एवढं जमतं.

मुलं गळतात ती संख्याशास्त्रात. २०,००० जनुकं तपासली आणि पी-व्हॅल्यू (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.०५च्या खाली असलेली सगळी खरी धरली, तर मुळात काहीच फरक नसतानाही हजारेक जनुकं ‘सापडतात’. म्हणून इतक्या चाचण्यांचा हिशोब धरून दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यू बघायची असते. ती का, हे मुलाखतीत स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

आता पगार. पुण्यातल्या एनसीसीएस, आयसर, एनसीएल, एनआयव्ही अशा सरकारी संशोधन संस्थांत नेट किंवा गेट परीक्षेच्या जोरावर जेआरएफ (कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप) मिळाली, तर १ जानेवारी २०२३पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये. घरभाड्याच्या सरकारी वर्गवारीत पुणे एक्स वर्गातलं शहर, त्यामुळे ३० टक्क्यांनी घरभाडे भत्ता ११,१००. एकूण ४८,१००. संस्थेच्या वसतिगृहात खोली घेतली की भत्ता गेला. खासगीत नवख्याला साधारण ३ ते ५ लाखांचं पॅकेज सांगतात. ४ लाख म्हणजे कागदावर महिना ३३,३३३ आणि पीएफ वगैरे वजा जाता हातात तिसाच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला फेलोशिपच वरचढ. फक्त तिला मुदत असते आणि प्रकल्प संपला की पदही संपतं. खासगीत पहिली तीन-चार वर्षं नेटाने काढली तर पगार बऱ्यापैकी वाढतो.

जाहिरातीतल्या ‘सायंटिस्ट’ या शब्दाला भुलू नका, त्या जागेला बहुधा पीएच.डी. लागते. एम.एस्सी.वाल्यांनी ‘एनजीएस अ‍ॅनालिस्ट’ (एनजीएस म्हणजे नव्या पद्धतीचं डीएनए-वाचन), ‘जीनोमिक डेटा अ‍ॅनालिस्ट’ अशा नावांनी शोधावं. पुण्यात जागा मोजक्याच, तेव्हा बंगळुरू-हैदराबादला जायची तयारी ठेवा. आणि हिंजवडी-खराडीत बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्यांना जे काम दिलं जातं, ते बरेचदा क्लिनिकल डेटा (औषध-चाचण्यांची माहिती) किंवा एसएएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या प्रोग्रॅमिंगचं असतं. काम वाईट नाही, पण ती लाइनच वेगळी. तिथून तीन वर्षांनी जीनोमिक्सकडे वळणं जड जातं.

पुणे विद्यापीठातलं बायोइन्फॉर्मॅटिक्स केंद्र १९८७पासूनचं आहे, प्रवेश मिळाला तर जरूर घ्या. मात्र मुलाखतीत पदवीपेक्षा विचारतात ते, ‘काय करून बघितलंय?’ त्यासाठी एक काम सुचवतो, सुट्टीत उरकेल.

जीईओ या जनुक-डेटाच्या खुल्या भांडारातला जीएसई५२७७८ हा आरएनए-वाचनाचा डेटा घ्या आणि औषधाने कोणत्या जनुकांचं काम वाढतं-घटतं ते शोधा. श्वासनलिकेच्या स्नायुपेशी, चार दाते. प्रत्येकाचा एक नमुना डेक्सामेथासोन हे औषध दिलेला आणि एक न दिलेला, असे आठच घ्या, बाकीचे सोडा. फास्टक्यूसी या प्रोग्रॅमने वाचलेल्या तुकड्यांचा दर्जा बघा, फास्टपीने त्यांची टोकं साफ करा. पुढे तुकडे जीनोमवर जुळवणाऱ्या ‘स्टार’ या प्रोग्रॅमच्या मोहात पडू नका. माणसाच्या जीनोमसाठी त्याला ३० जीबीच्या आसपास रॅम लागते आणि १६ जीबीच्या लॅपटॉपवर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द उमटून सगळं थांबतं. त्याऐवजी कमी रॅममध्ये तुकडे मोजणारा सॅल्मन वापरा, टीएक्सइम्पोर्टने आकडे आरमध्ये आणा आणि दोन गटांतला फरक तपासणारं डीईसेक२ चालवा. डीईसेक२ला काउंटच (तुकड्यांची मोजणी) द्यायचे, टीपीएम (जनुकाची लांबी आणि एकूण वाचन धरून आधीच जुळवलेले आकडे) नव्हे. सूत्रात दाता आणि औषध दोन्ही घाला. दाता विसरलात तर माणसामाणसातला फरक औषधाचा परिणाम झाकून टाकतो.

उत्तर बरोबर आलं का, हे ताडायला डीयूएसपी१, केएलएफ१५ आणि पीईआर१ ही जनुकं बघा. औषधाने ती वाढायला हवीत. घटलेली दिसली तर जीवशास्त्र उलटं झालेलं नाही. गट ‘टीआरटी’ आणि ‘अनटीआरटी’ असे लिहिलेले असतील तर आर इंग्रजी वर्णक्रमाने पहिला गट आधार धरतो, टी हे अक्षर यूच्या आधी येतं, त्यामुळे औषध दिलेला गटच आधार होतो आणि सगळी चिन्हं फिरतात. आधार गट बदलणारी ‘रीलेव्हल’ची एक ओळ टाकली की काम झालं. ही चूक स्वतः पकडलीत तर मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे खरं काहीतरी असेल.

यादी एक्सेलमध्ये उघडताना तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल मार्च१, सेप्ट२ अशा जनुकांच्या तारखा करून टाकतं. या छळापायीच २०२०मध्ये त्यांची अधिकृत नावं बदलावी लागली, पण जुन्या फायलींत ती अजून भेटतात.

कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाका, सोबत कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लासला पैसे भरण्याआधी त्यांच्या माजी विद्यार्थ्यांची असलीच कामं बघायला मागा. दाखवता आली नाहीत तर उठून या.