चट्टा त्याच जागी का उठतो?

प्रश्न : एक विशिष्ट वेदनाशामक गोळी घेतली की माझ्या मनगटावर दरवेळी त्याच जागी तांबूस-काळसर चट्टा उठतो. गोळी तर रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचते. मग हीच जागा कशी लक्षात राहते?

उत्तर : वर्णनावरून हे ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’, म्हणजे औषधामुळे ठरावीक जागीच उठणारा चट्टा, असावे, निश्चित निदान अर्थात त्वचारोगतज्ज्ञच करतील. लक्षात ठेवण्याचे काम त्या जागी मुक्काम केलेल्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, करतात.

त्वचेत एखाद्या परक्या घटकाचा शिरकाव झाला, की डेंड्रायटिक पेशी (त्वचेतील पहारेकरी पेशी) त्याचे अंश जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तेथे तो घटक ओळखू शकणाऱ्या मोजक्या टी पेशींची संख्या झपाट्याने वाढते आणि त्या त्वचेकडे निघतात. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, परंतु काही बाह्यत्वचेतच राहतात आणि तेथील टीजीएफ-बीटा व इंटरल्युकिन-१५ या संदेशवाहक प्रथिनांच्या प्रभावाने निवासी स्मृतिपेशी बनतात. त्यांच्यावरील सीडी६९ हे प्रथिन त्यांना ऊतीबाहेर पडू देत नाही, तर अनेकींवर असणारे सीडी१०३ त्यांना बाह्यत्वचेच्या मुख्य पेशींना, म्हणजे केराटिनोसाइट पेशींना, धरून ठेवते.

रक्ततपासणीत या पेशींचा मागमूस सहसा लागत नाही, आणि त्यामुळेच त्यांच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे २,००० कोटी टी पेशी असतात, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या टी पेशींच्या जवळजवळ दुप्पट. त्या किती चिवट असतात, हे अलेमटुझुमॅब या औषधाने दाखवून दिले : ते दिलेल्या त्वचेच्या लिम्फोमाच्या (एक प्रकारच्या कर्करोगाच्या) रुग्णांच्या रक्तातील टी पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या, तरी त्वचेतील निवासी पेशी टिकून राहिल्या. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर रक्तपेशी दात्याच्या होतात, तरीही काही रुग्णांच्या त्वचेत त्यांच्या स्वतःच्या जुन्या टी पेशी अनेक वर्षांनीही आढळल्या आहेत.

नागिणीसारख्या रोगांच्या विषाणूंना त्वचेतच अडवण्यासाठी ही व्यवस्था उपयोगाची आहे. सोरायसिसचे चट्टे जुन्याच जागी परततात, तेही बहुतांशी तिच्यामुळेच. आपल्या बाबतीत औषध पोहोचताच त्या पेशी जाग्या होऊन इंटरफेरॉन-गॅमा हे दाह वाढवणारे प्रथिन सोडतात आणि आसपासच्या केराटिनोसाइट पेशींवर हल्ला करतात. त्यातून सुटलेले रंगद्रव्य अंतस्त्वचेत साठते व डाग मागे राहतो.

ती गोळी पुन्हा घेऊ नये आणि तिचे नाव प्रत्येक डॉक्टरांना सांगावे. पॅच टेस्ट (औषध त्वचेवर लावून करायची चाचणी) करायची ठरल्यास ती पाठीवरील निरोगी त्वचेबरोबरच जुन्या डागावरही करून घ्यावी, कारण निरोगी त्वचेवर ती बहुधा नकारात्मक येते.