आधी रिपोर्ट तिचा, म्हणून दोषही तिचाच?

"मॅडम, आधी माझाच रिपोर्ट आला. म्हंजे माझ्यापासनंच आलं म्हणतील की घरात!"

सांगली जिल्ह्यात समुपदेशन करताना गरोदर बायकांच्या तोंडून हे बऱ्याचदा ऐकते. त्यांतलीच ही एक, खानापूर तालुक्यातली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला परराज्यात, गावी येणं यात्रेला आणि दिवाळीला. पाचव्या महिन्यातल्या तपासणीत ती एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. माझ्यासमोर बसून ती माता-बाल कार्डाची कड नखाने सोलत होती. स्वतःच्या जिवाचं तिने नंतर विचारलं.

मी सांगितलं, "अगं, लागण आधी कुणाला झाली हे या रिपोर्टवरून कळत नाही. गरोदर बाईची तपासणी होते, म्हणून तिचं आधी समजतं. पुरुषाला दवाखान्यात आणणारं असं कारणच नसतं."

कंडोमचं विचारलं तर म्हणाली, "मी कशी काढू तो विषय? म्हणतील, तुला कुठनं सुचलं?"

खरं दुखणं इथं आहे. गलाईच्या धंद्याला मी दोष देणार नाही, घर सोडून राबणारी माणसं आहेत ती. पण लग्नाच्या बाईने विचारायचं नाही, नको म्हणायचं नाही, ही रीत आपणच चालवली. याच सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम केलं. एकजूट झाल्यावर त्या बायका कंडोमशिवाय गिऱ्हाईक नाकारू लागल्या. घरातल्या सुनेच्या पाठीशी अशी एकजूट कुठे आहे? जगभर थोड्याफार फरकाने हेच आहे. २०२३ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे चार कोटी लोकांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली होत्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तर तरुण मुलींमध्ये नव्या लागणी त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतात. जोडीदार वयाने मोठा, पैसा त्याच्या हातात, शाळा सुटलेली, आणि कित्येकींवर जबरदस्ती.

"घरातनं हाकललं तर?" हा तिचा पुढचा प्रश्न. २०१७ चा एचआयव्ही कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. तिच्या संमतीशिवाय रिपोर्ट गावभर करता येत नाही. समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतो, पण बाईला मारहाण होईल, टाकून देतील अशी भीती असेल तर कळवायचं नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. म्हणून मी आधी मारहाणीचं विचारलं. तसं काही नव्हतं. मग नवऱ्याला माझ्यासमोर सांगायचं, हे तिनेच ठरवलं.

तोही पॉझिटिव्ह निघाला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "हिला कुणी काय बोलायचं न्हाई." असं बोलणारे नवरे मला फार भेटत नाहीत.

दोघांच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आईने नियमित गोळ्या घेतल्या आणि बाळाला औषध दिलं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळाची सहा आठवड्यांची तपासणी निगेटिव्ह आली, अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी बाकी आहे. सासूला अजून काही सांगितलेलं नाही. कधी सांगायचं ते ती ठरवेल.

हाच घोर तुम्हाला असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला. आणि गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीला नवऱ्यालाही सोबत न्या, दोघांचं रक्त एकाच दिवशी द्या.