वावर विकण्याआधी पोरीला विचारा

पत्र : आम्ही दारव्हा तालुक्यातले शेतकरी. भाच्याचा गुडघा सुजला, तेव्हा नागपूरला डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आत पाणी झाल्याचं दाखवलं. सोबत गेलेल्या माझ्या मुलीला ते फार आवडलं. ती बारावी झाली, नीटमध्ये गुण कमी पडले. दोन एकर विकून तिला वर्षभराच्या सोनोग्राफी डिप्लोमाला घालतो, मग तालुक्याला मशीन टाकून देतो. नाही जमलं तर लग्न करून टाकू. वावराला गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे.

उत्तर : भाऊ, नमस्कार. पोरीला स्वतःला काय व्हायचंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. नीटच्या गुणांपेक्षा मला त्याचीच काळजी वाटते. ‘नाही जमलं तर लग्न’ असं ऐकलेली मुलगी तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणेल. तो होकार भीतीचा असतो. ही अट आजच, तिच्यासमोर मागे घ्या.

तो डिप्लोमा करून सोनोग्राफी सेंटर काढता येत नाही. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यानुसार सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेच करायची असते. केंद्राची नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेल्याला मशीन विकणंही गुन्हा आहे. ‘आम्ही फक्त लेकरांचे गुडघे पाहू’ म्हणून सुटका होत नाही. टेक्निशियन एक्स-रे, सीटी, एमआरआय चालवतो. ते मानाचं काम आहे, पण तुम्हाला विकलं जातंय ते वेगळंच.

शिवाय सांध्यातलं पाणी मशीन दाखवतं. ते साधं की पू झालेला, हे नुसत्या चित्रावरून खात्रीने कळत नाही. ताप, रक्ताचे रिपोर्ट बघून प्रसंगी सुईने पाणी काढावं लागतं. पू असून उशीर झाला तर लेकराचा सांधा कायमचा खराब होऊ शकतो. आपल्या भागात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, लेकरं हातपाय दुखतात म्हणून येतात. दुखणं सिकलचं की हाडात जंतुसंसर्ग झालाय, हे ओळखताना अनुभवी डॉक्टरांचीही कसोटी लागते. तान्ह्या बाळाच्या खुब्याचा गोळा पहिले काही महिने कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, असतो, तो एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. तेही किरणांशिवाय, आईच्या मांडीवर. पोरीला हे भावलं असेल तर तिची पारख चांगली आहे.

त्यासाठी नीट, एमबीबीएस, मग रेडिओलॉजीत एमडी. तिची मर्जी असेल तर नीट पुन्हा देऊ द्या. नसेल तर सांध्यांचंच काम असलेली फिजिओथेरपी आहे, किंवा रेडिओग्राफीची मान्यताप्राप्त पदवी. कुठेही पैसे भरण्याआधी कोर्स कोणत्या विद्यापीठाचा, हे लेखी मागा.

वावराचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका.