सौम्य सिगार निवडताना आधी त्याची ओल बघा

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या लग्नात कुणीतरी हातात दिलेला काळा, जाडजूड सिगार ओढला, पंधरा मिनिटांत घाम फुटला, गरगरलं आणि जेवणही गेलं नाही. आता नाशिकमध्ये इंदिरानगरच्या घरी गच्चीवर बसून महिन्यातून एक-दोनदा ओढता येईल असा सौम्य आणि खिशाला परवडणारा सिगार हवाय. नावं सांगतोच. पण चांगल्या नावाचा सिगारसुद्धा कडक का लागतो हे आधी सांगू द्या, कारण माझी पहिली दोन वर्षं त्यातच वाया गेली.

एका मे महिन्यात गंगापूर रोडच्या एका दुकानातून मी एक सिगार 'एकदम माइल्ड' म्हणून घेतला. तिथे तो काचेच्या शोकेसमध्ये, पिवळ्या बल्बखाली उभा करून ठेवलेला होता. घरी आणून आठवडाभर लोखंडी कपाटात ठेवला. कापायला गेलो तर वरचं पान टोकापासून खालपर्यंत भाजलेल्या पापडासारखं तडकलं. तसाच पेटवला. धूर गरम, जिभेला चटका, घशात खवखव. हा ब्रँड आपल्याला झेपणारा नाही, असं मी ठरवून टाकलं. पुढे काही महिन्यांनी मुंबईत एका ओळखीच्या माणसाने नीट ठेवलेल्या पेटीतून तोच सिगार, त्याच मापाचा, दिला. धूर थंड, तोंडात भाजक्या शेंगदाण्यासारखी चव, आणि तासाभराने उठलो तेव्हा डोकं जागेवर होतं. मी ज्याला कडक म्हणत होतो तो कोरडा होता, एवढंच. कोरडा सिगार भराभर आणि तापून जळतो, आणि नवशिक्याला तो तिखटपणा म्हणजे तंबाखूचा जोर वाटतो.

आपल्या नाशिकच्या मार्च ते मे या हवेत उघडा ठेवलेला सिगार पाहता पाहता वाळतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ब्रँडचा विचारू नका. सिगार कशात ठेवलेत ते बघा. लाकडी पेटी किंवा बंद कपाट आहे का, आत ओलावा मोजायचं यंत्र आहे का, आणि त्याचा काटा ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास आहे का? पानवाला विड्याची पानं ओल्या फडक्यात जपतो, निम्मी तरी तेवढी काळजी सिगारची घेतलेली दिसली पाहिजे. मग दुकानदाराला विचारून दोन बोटांत हलकेच दाबा. पिंपळगावकडचा चांगला बेदाणा दाबल्यावर जसा दबतो आणि सावकाश परत फुगतो, तसं वाटलं पाहिजे. कुरकुर ऐकू आली तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. मधेच एखादी गाठ कडक लागली तर तोही नको, धूर ओढताना दम निघतो.

आता सौम्यपणाचं. रंगावरून जोर ओळखता येत नाही. 'मादुरो' म्हणतात ते गडद पान जास्त मुरवलेलं असतं, बऱ्याचदा गोडसर लागतं. खरा जोर आतल्या पानांवर ठरतो. तंबाखूच्या झाडाची शेंड्याकडची पानं जास्त ऊन खातात, ती जाड आणि जोरकस होतात, त्यांना लिगेरो म्हणतात. मधली सेको, बुडाकडची व्होलाडो. सौम्य सिगारमध्ये लिगेरो कमी किंवा नसतेच. आपण सिन्नरची विडी बघत मोठे झालो, तिचं वरचं पान टेंभुर्णीचं, फक्त गुंडाळायला. सिगारमध्ये वरचं पानसुद्धा तंबाखूचंच, आणि चवीत त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून नवख्या माणसाने 'कनेक्टिकट शेड' हे शब्द शोधावेत. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात १९०० साली कापडी मांडवाखाली ही तंबाखू लावायला सुरुवात झाली. आपल्याकडे शेडनेटखाली रोपं वाढवतात तसंच समजा. सावलीमुळे पान पातळ, फिकट आणि नाजूक होतं, चव मलईदार राहते. इक्वेडोरमध्ये त्याच जातीला ढगांचीच सावली मिळते, तिथलं पानही चांगलं.

नावं म्हणाल तर पहिला मॅकानुडो कॅफे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनतो, वर कनेक्टिकट शेड, आणि अनेकांची सुरुवात त्यावरच झालेली असते. ओलिव्हा कनेक्टिकट रिझर्व्ह आणि रॉकी पटेलचा व्हिंटेज १९९९ हे त्याच वाटेवरचे, किंचित जास्त चवदार. अॅश्टन क्लासिक सुंदर आहे, पण तो परवडण्याच्या यादीत मी धरत नाही. क्यूबाचाच हवा असेल तर एच. उपमानचा हाफ कोरोना बघा. लांबी जेमतेम ९० मिलिमीटर, अर्ध्या तासात संपतो, आणि उपमानचा बाज मुळात हलका. क्यूबाचे स्वस्तातले किंटेरो आणि होसे एल. पिएद्रा आतून तुकड्यांच्या तंबाखूचे असतात. किंमत बघून मोह होईल, पण तुम्हाला जे हवंय त्यासाठी ते घेऊ नका. तिरुचिरापल्ली आणि दिंडीगलचे चिरूट माझ्या आवडीचे आहेत, हा शब्दच आपल्याकडे तमिळमधून आला. पण ते चांगलेच जोरकस असतात, तेव्हा वर्षभर तरी त्यांच्याकडे वळू नका.

जपायची कटकटच नको असेल तर कॅफे क्रेमसारखे डबीत मिळणारे युरोपी छोटे सिगार आहेत. ते मुळातच कोरडे बनवलेले असतात, त्यांना ओल लागत नाही. एक मात्र सांगतो, ते दिसतात सिगारेटसारखे, आणि माणूस नकळत धूर छातीत घ्यायला लागतो. तुम्ही आधी सिगारेट ओढत असाल तर त्यांच्यापासून लांबच राहा.

परवडण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: पेटी घेऊ नका, एकेक घ्या, आणि आखूड घ्या. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ५० नंबरचा सिगार जवळपास २० मिलिमीटर जाड. पाच इंच लांब आणि ५० जाडीचा रोबुस्टो पाऊण तास ते तासभर चालतो, पहिल्या काही वेळांना तेवढा पुरेसा होतो. फार बारीक घेऊ नका, तो लवकर तापतो. परदेशातून कुणी येणार असेल तर बॅगेज नियमांप्रमाणे प्रवाशाला २५ सिगार करमुक्त आणता येतात. १०० सिगारेट किंवा २५ सिगार, असा तो हिशेब आहे, दोन्ही मिळून नाही. आणि निम्म्या किमतीत कोहिबा, म्हणजे क्यूबाचा महागडा ब्रँड, देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली की ती नकली समजा, क्यूबाची कंपनी तशी पेटी काढतच नाही.

वाचलेल्या पैशातून ठेवण्याची सोय करा. हजारोंची लाकडी पेटी नको. स्वयंपाकघरातला एक वास नसलेला हवाबंद डबा, त्यात बोवेडा कंपनीचं, डब्यातली ओल ६५ टक्क्यांवर राखणारं पाकीट आणि छोटा डिजिटल ओलावामापक. मापक खरा आहे का ते मिठाने तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून जाता कामा नये. ते बूच आणि मापक घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर तुमचा मापक चार कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवायचं. डब्यात सफरचंदाची फोड, ओला कापूस असलं काही घालू नका, बुरशी येते. फ्रिजही नको, तिथे सिगार वाळतो आणि लसणाचा वास घेतो. उन्हाळ्यात डबा आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवा. २५ अंशांच्या वर तंबाखूतल्या भुंग्याची अंडी फुटायला लागतात आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. पावसाळ्यात उलटं होतं, बाहेर ठेवलेला सिगार फुगतो आणि सारखा विझतो, तेव्हाही डबाच कामाला येतो.

आता लग्नातल्या त्या रात्रीबद्दल. तुम्ही धूर छातीत घेतला नव्हता तरी गरगरलं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि तुम्ही बहुधा उपाशीपोटी, भराभर झुरके घेतलेत. तेव्हा जेवून बसा. सिगारचं तोंडात धरायचं टोक पानाच्या टोपीने बंद केलेलं असतं, त्या टोपीची कड फक्त दोन मिलिमीटर कापा, खाली गेलात तर पान सुटतं. लाकडी काडी किंवा गॅसचा लायटर वापरा, पेट्रोलचा नको. काडीचं गंधक जळून गेलं की ज्योत टोकाला न टेकवता कडा शेकून घ्या, मग ओढा. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. शेजारी गोड चहा असू द्या. डोकं हलकं वाटलं तर तिथेच थांबा, गुळाचा खडा तोंडात टाका. शेवटच्या तिसऱ्या भागात जोर वाढत जातो, तो सोडून दिलात तर काही वाया गेलं असं नाही. राखदाणीत ठेवून द्या, आपोआप विझतो.

सौम्य म्हणजे निर्धोक, असं मात्र धरू नका. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सौम्य सिगारनेही होतो. मी महिन्याला दोनच्या वर जात नाही आणि दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घेतो. घरात लहान मूल असेल तर गच्चीचं दार लावून घ्या.

आत्ता एप्रिल आहे. या आठवड्यात सिगार घेतलात तर लगेच पेटवू नका, तीन आठवडे डब्यात राहू द्या. मिठाच्या परीक्षेत आकडा काय आला आणि डबा किती टक्क्यांवर स्थिरावला ते कळवा, म्हणजे ६५चं पाकीट पुरतंय की ६९चं घ्यावं लागेल ते सांगता येईल.