आधी वाचा, मग घासा

माळ्यावर, जमिनीखाली, भिंतीत सापडलेल्या जुन्या वस्तूंविषयी बरीच पत्रं आली. त्यातली चार या वेळी घेतो आहोत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तशी भांडी मुंबईत घरोघरी आहेत.

प्रश्न : आमची चाळ पुनर्विकासाला जातेय. माळा रिकामा करताना तांब्याचा हंडा निघाला. गळ्याखाली ‘शके १८२९ ज्येष्ठ शु॥ ५’ एवढं वाचता येतं. वरची ओळ मात्र नुसती वाटोळी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं. काठाच्या आत सासऱ्यांचं नाव बारीक अक्षरात आहे. बुडाशी ‘१४॥’ असा आकडा आहे. हंड्याचं वजन ४ किलो ५५० ग्रॅम भरलं. हा कुठला, कधीचा, कोणी केलेला? चिंच लावून घासला तर अक्षरं स्पष्ट होतील का? आणि मुलीला अमेरिकेला पाठवता येईल का?
— गिरगाव

उत्तर : चिंच, लिंबू, पितांबरी, काथ्या, तारेची घासणी यांतलं काहीही लावू नका. हाताने घातलेलं नाव म्हणजे छिन्नीच्या टोकाने ठोकलेल्या बारीक खळग्यांची रांग. खळग्यात काळपट थर बसलेला असतो आणि सभोवतालचा पत्रा उजळ असतो, म्हणून अक्षर दिसतं. आंबटाने तो थर निघाला की सगळंच एका रंगाचं होतं. वर घासलं तर खळग्यांच्या कडाही झिजतात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, चिकट मळ असेल तर पाण्यात बुडवून पिळलेल्या सुती फडक्याने टिपा आणि लगेच कोरडं करा. बस्स.

वाचण्यासाठी रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून उजेड टाकला तर तांबं नुसतं चमकतं, काही दिसत नाही. टॉर्च हंड्याभोवती फिरवत आठ बाजूंनी फोटो घ्या; एका फोटोत न दिसलेली काना-वेलांटी दुसऱ्यात सापडते. मग पतंगाचा पातळ कागद अक्षरांवर ताणून ६बी पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवा. खळगे पांढरे उमटतील. अक्षरांत पीठ किंवा खडूची पूड भरायचा मोह टाळा. पूड आत बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि तिथेच हिरवं सुटतं.

वाटोळी, गुंतलेली ओळ बहुधा मोडीत आहे. मोडीत आधी शिरोरेषा सलग ओढतात आणि अक्षरं तिला खालून, हात न उचलता जोडत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे नावाचं देवनागरी रूप ठरवताना घाई करू नका. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मोडी जाणणारी मंडळी तिथे भेटतात. जाताना हंडा नेऊ नका, फोटो आणि कागदावरचा ठसा न्या.

आता साल. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र शक चैत्रात बदलतो, म्हणून १ जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. तुमची तिथी ज्येष्ठातली, म्हणजे १९०७. गुजराती शेजाऱ्यांकडून आलेल्या भांड्यावर संवत असेल तर तो कार्तिकात बदलतो : दिवाळीपासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ वजा. पण १९०७ हे नाव घातल्याचं साल. हंडा त्याआधी कितीही वर्षं वापरात असू शकतो, आणि नाव असतं ते धन्याचं, तांबटाचं नव्हे. लग्नात द्यायच्या भांड्यांवर, कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या भांड्यांवर आणि भावाभावांत वाटणी झाली की वाद नको म्हणून, अशी नावं घालत. तुमच्या सासऱ्यांचं नाव कसं घातलंय ते भिंगातून पाहा. ठिपके एकसारखे, अगदी जवळजवळ आणि उथळ असतील तर ते विजेच्या मशीनचं काम, म्हणजे पुष्कळ नंतरचं. एकाच हंड्यावर दोन पिढ्या दिसताहेत. वरच्या मोडी ओळीत आडनाव वेगळं निघालं तर हंडा माहेरून आलेला असण्याची शक्यता आधी धरा. नावाऐवजी ज्ञातीचं किंवा वाडीचं नाव आणि पुढे ‘नग ७’ असं काही निघालं, तर कार्याला आणलेलं भांडं परत करायचं राहून गेलंय एवढंच.

सगळ्यात बोलका आहे तो ‘१४॥’, म्हणजे साडेचौदा. तांब्याचं भांडं वजनावर विकलं जाई आणि वजन बुडाशी घालत. आकडा कुठल्या मापातला हे तुमचा काटाच सांगतो. पक्का शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम. त्याने साडेचौदा शेर म्हणजे साडेतेरा किलो. रत्तल ४५४ ग्रॅमचा. त्याने साधारण ६ किलो ५८० ग्रॅम. जुना मुंबई शेर मात्र सुमारे ३१७ ग्रॅमचा, कारण २८ रत्तलांचा मुंबई मण ४० शेरांचा होता. त्याने साडेचौदा शेर भरतात ४ किलो ६०० ग्रॅम. तुमचा काटा सांगतो ४ किलो ५५०. उरलेले ५० ग्रॅम शंभर वर्षांच्या घासण्यात गेले. म्हणजे हंडा मुंबईच्या मापाने तोलला गेलाय. तांबाकाट्यावर, म्हणजे मुंबईच्या तांब्या-पितळेच्या जुन्या बाजारात, किंवा आसपास घेतला असणं अगदी जुळतं. नाशिक-पुण्याकडून आला असेल अशी घरात समजूत असेल तर ती बाजूला ठेवा.

घडण पाहायची तर आतून पाहा. ठोकून केलेल्या हंड्यात हातोडीच्या खुणा आणि पोटावर दातेरी सांधा दिसतो. दोन पत्र्यांचे दाते एकमेकांत बसवून पितळी डाक दिलेला असतो, त्यामुळे तांबड्यावर पिवळसर नागमोडी रेघ उमटते. आत नुसत्या बारीक, एकाच केंद्राच्या गोल रेघा असतील तर भांडं यंत्रावर फिरवून काढलेलं. घट्ट, तपकिरी-हिरवा थर निरुपद्रवी. फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल तर खाऱ्या हवेतले क्षार आत काम करताहेत. तो हंडा कोरड्या जागी, बाकीच्या भांड्यांपासून वेगळा ठेवा.

अमेरिकेचं काय? १९७२च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांची झाली की पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या हंड्यावर सालच कोरलंय, विमानतळावर तेच आधी वाचलं जाईल. तेव्हा सायन किल्ल्यातल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय बॅगेत घालू नका.

प्रश्न : घराच्या जोत्यालगत ड्रेनेजसाठी खणताना मडकं लागलं. त्यात ३१ चांदीचे रुपये. बहुतेकांवर १८६२, काहींवर १८७०च्या पुढची सालं, दोघांवर १८८५. सोनार वितळवून घ्यायला तयार आहे. द्यावेत का?
— मरोळ गावठाण

उत्तर : नाही. जमिनीत पुरलेली, १० रुपयांहून जास्त मोलाची कोणतीही वस्तू १८७८च्या भारतीय निखात निधी कायद्याखाली येते. दहाची मर्यादा आजही तीच आहे, हसू नका. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय आणि किती सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. मरोळ उपनगर जिल्ह्यात, म्हणून अर्ज वांद्रे पूर्वेच्या कार्यालयात. शहरातल्यांनी फोर्टच्या जुन्या कस्टम हाउसमध्ये. मग जाहीर सूचना निघते आणि चार ते सहा महिन्यांनी चौकशी होते. शंभर वर्षांच्या आत आपण किंवा आपल्या पूर्वजाने पुरल्याचं दाखवणारा कुणी पुढे आला नाही, तर निधी बेवारस ठरू शकतो. मग वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारने स्वतःकडे ठेवायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. न कळवल्यास सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वितळवलेल्या चांदीचा हिशेब कुणालाच देता येणार नाही.

हे रुपये कधी पुरले? १८६२ वाचून तो निष्कर्ष काढू नका. ते साल तसंच ठेवून १८७४पर्यंत रुपये पाडले गेले. १८७७पासून नाण्यावर ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं. पुरण्याची वेळ सांगतं ते सगळ्यात अलीकडचं नाणं, तेव्हा मडकं १८८५च्या आधी पुरलेलं नाही. प्रत्येक नाणं ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, असायला हवं. आपला ‘रुपयाभार’ शब्द त्यातूनच आला. फार हलकं भरलं तर ते झिजलेलं, कापलेलं किंवा खोटं.

नाणी कडेने धरा. टूथपेस्ट, कोला, रांगोळी काही लावू नका. मडक्याच्या खापऱ्या आणि तोंडाला बांधलेल्या फडक्याचे तुकडे असतील तर तेही जपा. जोत्यापासून किती अंतरावर, किती फूट खोल, हे टेप लावून आजच लिहून ठेवा. खड्डा बुजला की ते कायमचं गेलं.

प्रश्न : ठोक्यांच्या लंबकाच्या घड्याळावर काळबादेवीच्या दुकानाचं इंग्रजी नाव आहे. घड्याळ मुंबईत बनलेलं का?
— दादर

उत्तर : तबकडीवरचं नाव बहुधा विकणाऱ्याचं. करणाऱ्याची खूण यंत्राच्या मागच्या पत्र्यावर असते. आधी लंबक काढा, मग यंत्राला पेटीशी धरणारे स्क्रू सोडा. यंत्राच्या दोन पत्र्यांना जोडणारे स्क्रू चुकूनही सोडू नका. चावी भरलेली असेल तर स्प्रिंग सुटून दाते मोडतात आणि बोटही कापतं.

आठ टोकांची चांदणी आणि आत इंग्रजी ‘जे’ : जर्मनीतल्या श्रामबर्गचं युंगहान्स, ही खूण १८९०पासूनची. सेइकोशा हा टोकियोचा कारखाना १८९२चा. ब्रुकलिनच्या अन्सोनियाची यंत्रसामग्री १९२९मध्ये सोव्हिएत रशियाला विकली गेली, म्हणजे ते घड्याळ कधीपासूनचं हे नाही, तरी त्यानंतरचं नाही एवढं कळतं.

पेटीत दुकानाचं कागदी लेबल असेल तर ते सोन्यासारखं. पत्त्यात ‘बॉम्बे २’ असेल तर पिनकोड येण्याआधीचं, म्हणजे सर्वसाधारणपणे १५ ऑगस्ट १९७२पूर्वीचं. ‘४००००२’ असेल तर नंतरचं. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीचं. आणि दाराच्या आत दुरुस्ती करणाऱ्याने खिळ्याने ओरखडलेल्या तारखा शोधा. त्या असल्या तर घड्याळ तुमच्या भागात केव्हापासून आहे ते कळतं.

प्रश्न : प्लास्टर काढताना लोखंडी बीमवर ‘डॉर्मन लाँग, इंग्लंड’ दिसलं. चाळ ब्रिटिशांनी बांधली का?
— परळ

उत्तर : नाही, एवढ्यावरून नाही. मिडल्सब्रोचा हा पोलाद कारखाना. सिडनीचा १९३२चा हार्बर ब्रिजही त्यांचाच. तुळया जहाजाने येत आणि कुणीही खासगी मालक विकत घेई. जमशेदपूरला पोलाद १९१२मध्ये सुरू झालं, तरी विलायती तुळया त्यानंतरही येत राहिल्या. चाळीचं वय म्हाडाच्या उपकराच्या वर्गावरून पाहा : ‘अ’ म्हणजे १ सप्टेंबर १९४०च्या आधीची, ‘ब’ त्यानंतर १९५०अखेरपर्यंतची, ‘क’ १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९. नेमकं वर्ष पालिकेच्या जुन्या मालमत्ता कराच्या उताऱ्यात शोधा. बीम भंगारात जाण्याआधी, गॅसकटर चालवणाऱ्याला सांगून, नाव असलेला वीतभर तुकडा कापून घ्या. शिल्लक बीम वजनावरच जाणार आहे.