रोज अजिंक्यतारा चढायचाय? आधी बूट दाराशी ठेव

चार दिवस गड चढलास आणि पाचव्या दिवशी पांघरुणातून पाय निघेना, यात आळस कमी आणि मेंदूच जास्त आहे. मीही पहिल्या वर्षी तीनदा सोडलं होतं.

डोपामाइन हे मेंदूतलं रसायन म्हणजे नुसतं सुखाचं रसायन, हे डोक्यातून काढ. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अचानक रसाचा थेंब मिळाला की डोपामाइनच्या पेशी चेतायच्या. पुढे रसाआधीच्या खुणेलाच चेतू लागल्या, आणि रस चुकला की मंदावायच्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, याचा हा हिशेब. तू आठवड्यात तीन किलो उतरवायचं ठरवलंस, काटा हलला नाही, झालं, तुझ्याही पेशी मंदावल्या!

सुरुवातीला एवढंच कर:

- खूण एकच ठेव. माझी म्हणजे चहाचा कप विसळला की बूट. नाडी बांधेपर्यंत डोकं वाद घालतं, मग गप्प बसतं.
- पहिले पंधरा दिवस गडाच्या उतारावरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंतच.
- बक्षीस तिथल्या तिथे घे. दोन मिनिटं बसून खालचं शहर बघ. (कंदी पेढा नव्हे, तो उद्योग मी करून बसलोय.)

एकवीस दिवसांत सवय लागते ही थाप आहे. लंडनच्या २०१० च्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. पावसात वाट निसरडी झाली तर खाली शहरातल्या राजवाड्यापर्यंत चाल, पण वेळ तीच ठेव.

बेसल गँग्लिया (मेंदूतला सवयींशी जोडलेला भाग) वगैरे नंतर बोलू. उद्या किती वाजता निघतोस?